चौथ्या शीलाचा महिना

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने भरलेले होते, म्हणून मी बुद्धाकडे वळलो. यात तिखटमीठ काही नाही, झालं ते असंच झालं.

लिफ्ट दुरुस्त करणं हे माझं काम. त्या दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, मी ब्रेकची अस्तरं बदलत होतो. नव्या बनावटीचा ब्रेक होता, म्हणून तो कसा उघडायचा याचा व्हिडिओ मोबाइलवर लावून समोरच्या खांबाला टेकवला होता. तो संपला आणि मोबाइलने आपल्या मनाने पुढचा सुरू केला. डोकं भादरलेली, चॉकलेटी चीवर पांघरलेली एक बाई पडद्यावर आली आणि म्हणाली, "राग येतो तेव्हा तो तुम्हाला शरीरात आधी कुठे सापडतो?" बंद करावं तर हात तसे. कोपराने दाबून पाहिलं, तर आवाज वाढला. शेवटी अठरा मिनिटं मुकाट्याने ऐकून घेतलं.

आता राग म्हटला तर तो माझ्या नाकावरच असतो. हे माझी बायको सांगेलच, पण तिच्या आधी माझ्या उजव्या पायाचा अंगठा सांगेल. दोन वर्षांपूर्वी एका अडकलेल्या दाराला मी लाथ घातली होती. दार अजून शाबूत आहे, अंगठा वाकडा आहे. त्यामुळे प्रश्न मला लागला. संध्याकाळी रहदारीत कुणीतरी आडवी गाडी घातली, तेव्हा मी शिवी द्यायच्या आधी राग कुठे आहे ते शोधलं. कानांच्या मागे होता. तेवढ्यात तो माणूस निघून गेला आणि शिवी तोंडातच राहिली. मला फसवल्यासारखं वाटलं, पण बरंही वाटलं.

मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या भिक्खुणीला लावायला लागलो. मशीनच्या खोल्या उंचावर असतात, तिथे नेटवर्क छान मिळतं आणि कुणी फिरकत नाही. पालथ्या बादलीवर बसून मी श्वासावर लक्ष ठेवायला शिकलो, चार आर्यसत्यं शिकलो. मोबाइलवर घंटा वाजवणारं एक ॲप घेतलं. भिक्खुणी आधी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती म्हणे, आणि बोलायचीही तशीच; दुखेल, पण थोडंच दुखेल, तोंड उघडा. तिच्या मागे एक फ्रिज होता, तो मधूनच घुरघुरायचा. रविवारी सकाळी ती थेट यायची, आणि पडद्यावर आम्ही चाळीसेक जण आपापल्या चौकोनांत डोळे मिटून बसायचो. एक गृहस्थ आवाज बंद करायला नेहमी विसरायचे आणि सगळ्यांचं भलं चिंतायच्या मैत्री भावनेच्या मधोमध त्यांच्या घरातलं भांडण आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

बायको म्हणायची, "अंघोळीला जा म्हटलं तर वीस मिनिटं लागतात, आणि निर्वाणाला बरे लगेच निघालात." पण तिला फरक दिसत होता. मी दारं आपटत नव्हतो.

तर एका रविवारी भिक्खुणी म्हणाली, "पाचही शीलं एकदम घेऊन तोंडावर पडू नका. एक निवडा. एक महिना ते एकच पाळा, पण अंगात मुरेपर्यंत पाळा." मी पटकन चौथं निवडलं. खोटं बोलायचं नाही. खरं सांगतो, मी ते स्वस्तातलं म्हणून निवडलं. पहिल्यासाठी, म्हणजे जीव न मारण्यासाठी, घरातल्या झुरळांशी तह करावा लागला असता. खोटं काय, मी तर तोंडावर बोलणारा माणूस म्हणून बदनाम.

पहिल्याच दिवशी अकरा वाजेपर्यंत मी चारदा तोंडघशी पडलो. "पाच मिनिटांत पोचतो" हे लिफ्टवाल्याचं पहिलं खोटं. "पार्ट मागवलाय" हे दुसरं. बायकोने नवा ड्रेस कसा आहे विचारलं आणि मी खरं सांगितलं, त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फार शांतता होती. भिक्खुणीचा पुढचा व्हिडिओ मी फार उशिरा पाहिला. त्यात ती म्हणाली होती, बोलणं खरं हवं, पण वेळेवर आणि मायेनेही हवं. हे आधी सांगायला काय झालं होतं?

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी दवाखान्याच्या लिफ्टच्या कार्डाची पाळी आली.

इथे भाऊजींची ओळख करून द्यायला हवी. भाऊजी माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मी म्हणतो, म्हणून अख्खी कंपनी म्हणते. मला या कामाला त्यांनीच लावलं, हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आम्ही दोघं बावीस वर्षं जोडीने काम करतो. पाच महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. ताईंनी निरोपाच्या कार्यक्रमाला काय नेसायचं हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं, आणि भाऊजींनी आरशासमोर भाषणाची तालीम केली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगू नकोस असंही.

दवाखाना चार मजल्यांचा. वरच्या मजल्यावर व्यायामाने उपचार करतात. पक्षाघात झालेले, गुडघे बदललेले, पाठ मोडलेले लोक तिथे येतात, निम्मे तर चाकाच्या खुर्चीत. लिफ्ट एकच. तिच्या मशीनच्या खोलीत प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड टांगलेलं असतं आणि त्यावर वर्षातून एकदा, सेफ्टीची चाचणी झाली म्हणून, दोन मेकॅनिकांच्या सह्या लागतात.

सेफ्टी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लिफ्टच्या पोटाखाली दोन लोखंडी पकडी असतात. समजा वरचे दोर तुटले किंवा ब्रेक सुटला आणि लिफ्ट भरधाव खाली निघाली, तर वरचं एक चाक तो वेग ओळखतं, एक बारीक दोर खेचतं, आणि त्या पकडी दोन्ही बाजूंचे रूळ करकचून धरतात. लिफ्ट जागच्या जागी थांबते. बाकी सगळं फसलं तर माणसाला वाचवणारं हे शेवटचं. चाचणी म्हणजे रिकामी लिफ्ट हळू खाली सोडायची, ते चाक हाताने अडकवायचं आणि पकडी खरंच धरतात का ते बघायचं. मग त्या सोडवायच्या, रुळांवर उठलेले ओरखडे कानशीने घासायचे. तीन तास जातात. कंपनी एका लिफ्टला पाऊण तास देते.

म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. ती भाऊजींनी मला शिकवली आणि त्यांना त्यांच्या उस्तादाने. चाचणी करायची नाही, सह्या करायच्या, पण अदलाबदलीने. भाऊजींच्या नावापुढे मी सही ठोकायची, माझ्या नावापुढे त्यांनी. म्हणजे उद्या कुणी खडसावून विचारलंच, तर दोघंही शपथेवर सांगायला मोकळे, की ही सही माझी नाही. बावीस वर्षांत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट उस्तादाच्या डोक्याचं कौतुकच वाटायचं.

त्या दुपारी भाऊजींनी माझ्या नावापुढे झोकात सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं. कार्डाकडे पाहिलं. आधीच्या ओळी एकाखाली एक होत्या, अकरा वर्षांच्या, दवाखाना उघडल्यापासूनच्या. सगळ्या आमच्याच.

"काय झालं? पेन चालत नाही?"

"चालतंय," मी म्हणालो. "मला सही करायची नाही, भाऊजी."

त्यांना आधी गंमत वाटली. मग मी शीलाचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अरे, पण तू खोटं बोलतोसच कुठे? सही माझ्या नावाची. माझी काही तक्रार आहे का? नाही. मग कुणाशी खोटं?"

क्षणभर मला तो मुद्दा पटला, ही लाजेची गोष्ट आहे. "दोन दिवस द्या," मी म्हणालो. कार्ड शनिवारी ऑफिसात जायचं होतं. तो मंगळवार होता.

ते दोन दिवस मी काय केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण महिना चौथ्या शीलाचा आहे. मी पळवाट शोधली. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, संध्याकाळी ओट्यापाशी भाजी चिरताना, मी एकामागून एक गुरू पाहिले, दीडपट वेगाने. थेरवादी पाहिले, झेन पाहिले, तिबेटी पाहिले. जंगलात बसलेले पाहिले, कोट-टाय घातलेले पाहिले. सगळ्यांना माझा एकच प्रश्न: नातेवाइकासाठी केलेलं खोटं चालतं का? बुधवारी संध्याकाळी एक सापडले. गुळगुळीत चेहरा, मागे पांढरी भिंत, आवाजात मध. ते म्हणाले, हेतू शुद्ध असेल तर शब्दांचं ओझं घेऊ नका. मी तो तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "हे भाऊजींसारखंच बोलतात की." मी मोबाइल पालथा ठेवला.

मग मी भिक्खुणीच्या व्हिडिओखाली सगळं लिहिलं. माझा धंदा, चाचणी, कार्ड, पाच महिने. शेवटी विचारलं, सही करू की नको? तिचं उत्तर आलं नाही. तिला रोज शेकडो लोक विचारत असणार. उत्तर दुसऱ्याच कुणाचं आलं, नावाऐवजी नुसतं फुलाचं चित्र असलेल्या माणसाचं. त्यात एवढंच होतं: "त्या चाचणीला किती वेळ लागतो?"

मी लिहिलं, "तीन तास."

त्याने लिहिलं, "मग?"

मला असा राग आला म्हणता. कोण कुठला माणूस, ना नाव ना चेहरा. राग कानांच्या मागे होता, मानेत होता, तळहातात होता. आणि तो उतरला तेव्हा खाली नुसती शरम उरली. बावीस वर्षं दोन शहाणी माणसं सही कुणी करायची यावर डोकं लढवत होती. चाचणी करून टाकावी, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी ठरवलं, आणि ठरवल्यावर मी मागे हटणाऱ्यातला नाही.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "ताईचा फोन आला होता. भाऊजी दोन दिवस नीट जेवले नाहीत."

"चाचणी करायची आहे फक्त. झाली की सही खरी होईल. त्यांचीही."

"आणि नाही झाली तर?"

मी एक घडी उचलून कपाटात ठेवली.

"तुमचं शील तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला झोंबलं. "माझ्या ताईच्या घरात कशाला नेऊन ठेवता? त्या माणसाने तुम्हाला उभं केलं. व्हिडिओतल्या बाईने नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तसं मी तिला सांगितलं. पण जाणार हेही सांगितलं.

शुक्रवारी दुपारनंतर दवाखाना बंद असतो. भाऊजी आले. कुरकुरत आले, पण आले; आणि मला वाटतं, त्यांनाही ती लिफ्ट नापास होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. उलट ते मला धडा शिकवायला आल्यासारखे बाह्या सरसावून उभे राहिले. "बघ, एकदा बघून घे," म्हणाले, "आणि मग तुझ्या त्या बाईला माझा नमस्कार सांग."

मी रिकामी लिफ्ट हळू वेगाने खाली सोडली. भाऊजींनी चाक अडकवलं. बारीक दोर ताणला गेला, करकरला, आणि धरलेल्या जागेतून सरकायला लागला. लिफ्ट खाली जातच राहिली. पहिल्या मजल्याच्या पुढे गेल्यावर मी बटण दाबून थांबवली.

"परत," भाऊजी म्हणाले.

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला सारून बटणाशी स्वतः उभं राहून पाहिलं आणि चाक मला अडकवायला लावलं. लिफ्ट आपली निवांत खाली निघाली.

मग आम्ही खाली उतरून लिफ्टखालच्या खड्ड्यात गेलो. बॅटरी मारली. पकडींवर अकरा वर्षांचं ग्रीस आणि धूळ बसून त्याचा दगड झाला होता. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं. उजवीकडची पकड हलवणारी कांब गंजून निम्मी झाली होती. त्यांनी जरा जोर दिला तर ती त्यांच्या हातातच आली. ते ती कांब हातात धरून उकिडवे बसून राहिले. आमच्या डोक्यावर दीड हातावर लिफ्टचं पोट होतं.

"दोर चार आहेत," ते म्हणाले. "एक तुटला तरी तीन राहतात. ब्रेक मी दर महिन्याला बघतो. काही झालं नसतं."

"खरं आहे," मी म्हणालो. बहुतेक काही झालंही नसतं.

"कांब मागवू. आठ-नऊ दिवसांत येईल. मी स्वतः बसवतो. तोवर लिफ्ट हळू चालवायला सांगू. आणि कार्डावर…" ते थांबले. "अरे, मी आयुष्यात कुणाला दुखापत होऊ दिली नाही. एकाही माणसाला नाही. पाच महिने राहिलेत. मला नीट जाऊ दे."

त्यांचे डोळे भरले होते. मी या माणसाला त्यांचे वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं. त्या खड्ड्यात मला कुठलाही श्वास सापडला नाही, कुठलं आर्यसत्य आठवलं नाही. आठवले ते चाकाच्या खुर्चीतले लोक, जे आमच्या सहीच्या भरवशावर आत शिरतात आणि दार लागल्यावर वर अंक बघत बसतात.

"मी लिफ्टला कुलूप घालतोय, भाऊजी," मी म्हणालो. "आणि कार्डावर माझ्यापुरतं लिहितो. तुमचं मी लिहिणार नाही."

पण ते एकमेकांत गुंतलेलं होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. माझ्या नावापुढची त्यांची सही मी खोडली, शेजारी माझी स्वतःची केली. शेरा लिहिला: चाचणी नापास, लिफ्ट बंद. त्याखाली लिहिलं: मागच्या अकरा वर्षांत ही चाचणी झालेली नाही. माझ्या नावाच्या सह्या माझ्या नाहीत. माझ्या जोडीदाराच्या नावापुढच्या सह्या मी केल्या आहेत. अक्षर बरं आलं. भाऊजी हत्यारांची पेटी उचलून जिन्याने निघून गेले. कार्डावर त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

शनिवारी ऑफिसात साहेबांनी कार्ड दोनदा वाचलं. "कांब बदल ना बाबा," ते म्हणाले, "मागचं कशाला उकरतोस?" मी म्हणालो, उकरून झालंय. त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं, मग भाऊजींना बोलावलं, दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने भाऊजी बाहेर आले आणि माझ्या शेजारून असे गेले की मी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. दोघांचाही सहीचा अधिकार काढून घेतला होता. आमच्या जोडीच्या सगळ्या लिफ्टची चाचणी दुसरी जोडी करणार होती. निरोपाच्या कार्यक्रमाबद्दल चौकशी संपल्यावर बघू, असं साहेब म्हणाले. ताईंनी बायकोचा फोन उचलला नाही. बायको माझ्याशी मीठ आणि किल्ल्या यापलीकडे बोलेना.

रविवारी मी माझ्या चौकोनात जाऊन बसलो. भिक्खुणीने विचारलं, महिना कसा चाललाय. कुणी म्हणालं हलकं वाटतं, कुणी म्हणालं मन स्वच्छ झालं. माझी पाळी आली तेव्हा मी दवाखान्याच्या लिफ्टचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मला अजिबात हलकं वाटत नाही. माझ्यामुळे माझ्या माणसांची वाट लागली आहे." फ्रिज घुरघुरला. ती म्हणाली, "शील पाळलं की बरं वाटेल, असं मी म्हटलं होतं का?" मग तिने विचारलं, "उद्या त्या दवाखान्यात लोक वर कसे जाणार आहेत?"

सोमवारी मी कांब येईपर्यंतची नऊ दिवसांची रजा टाकली आणि सकाळी आठला दवाखान्याच्या दारात उभा राहिलो. व्यवस्थापक बाई माझ्यावर तोफ डागायच्या तयारीत होत्या. "लिफ्ट तुम्ही बंद केलीत, आता पेशंट काय उडत जाणार?" मी म्हणालो, "मी उचलून नेतो." त्यांना मी खुळाच वाटलो असणार. एक भक्कम लाकडी खुर्ची घेऊन तिला पुढून एक आणि मागून एक आडवा पाइप बांधला, पट्टा लावला. दुसऱ्या बाजूला दवाखान्यातला वॉर्डबॉय होता, पन्नाशीचा, हसतमुख. पहिल्या दिवशी आम्ही चौदा माणसं वर नेली आणि चौदा खाली आणली. संध्याकाळी त्याची पाठ धरली आणि तोच व्यायामाच्या टेबलावर आडवा झाला. माझे हात इतके भरून आले होते की घरी गेल्यावर बायकोने न बोलता माझ्या शर्टाची बटणं काढली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी खुर्चीपाशी एकटाच उभा होतो. पहिल्या पेशंट एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. डावं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत. "एकटा कसा उचलणार रे?" त्या म्हणाल्या. "मी पोतं नाही, मधेच ठेवून दिलेलं मला चालणार नाही."

मी रस्त्यावर कुणाला तरी हाक मारावी म्हणून वळलो, तर भाऊजी दारात. कामाचे कपडे, हातात जुने कातडी मोजे. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ येऊन दुसरा पाइप धरला. साठीला आलेला माणूस. मी म्हणालो, "भाऊजी, तुमचे गुडघे…" त्यांनी ऐकलंच नाही. "उचल," म्हणाले. शुक्रवारनंतर माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

पहिला मजला झाला. दुसरा झाला. मी मागे होतो, ते पुढे, उलट पावली चढत होते, म्हणजे त्यांचं तोंड बाईंकडे. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा त्यांना धाप लागली. आम्ही खुर्ची टेकवली. भाऊजी कठड्याला धरून उभे राहिले, घाम चष्म्यावरून ओघळत होता.

"फार त्रास होतोय तुम्हाला," बाई त्यांना म्हणाल्या. "ही लिफ्ट कधी बिघडली हो?"

उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्या ओठांवरही होतं. पण प्रश्न त्यांना होता. मी पाइपकडे बघत राहिलो. ते काहीही म्हणाले असते, परवा, गेल्या आठवड्यात, तरी मी तोंड उघडणार नव्हतो, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

भाऊजींनी चष्मा काढला, बाहीने पुसला, पण घातला नाही.

"माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "अकरा वर्षं आम्ही ती तपासलीच नाही. तपासली म्हणून सह्या केल्या. मी केल्या."

खालून कुणाच्या तरी काठीचा आवाज येत होता. "मी दोन वर्षं येते इथे," त्या शेवटी म्हणाल्या. "आठवड्यातून तीनदा."

"हो," भाऊजी म्हणाले. "महिन्याला यायचो तेव्हा बघायचो मी तुम्हाला. आत शिरताना."

त्यांनी मान खाली घातली नाही. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ, पोराची वही तपासावी तसं, पाहिलं. मग उजव्या हाताने पट्टा ओढून घट्ट केला.

"धरा आता नीट," त्या म्हणाल्या. "अजून एक मजला आहे."